‘उंदराचं औषध’ ठेवण्याआधी : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : पेस्ट कंट्रोलच्या वार्षिक करारातील उंदरांच्या विषाबाबत

स. न. वि. वि.

लिफ्टशेजारच्या फळ्यावरची ही सूचना आपल्या ओळखीची असेल : ‘सोसायटीच्या आवारात उंदराचे औषध ठेवण्यात आले आहे. सभासदांनी लहान मुले व पाळीव प्राणी यांची काळजी घ्यावी.’ खाली तारीख, सही, शिक्का. औषध कोणतं, किती, कुठे ठेवलंय, ते कधी उचलणार, यातलं एक अक्षरही नाही. मुळात ते औषध नव्हे, विष आहे. पण दुकानात मागतानाही आपण औषधच म्हणतो आणि वापरतोही तसंच, जरा जास्त पडलं तर गुण लवकर येईल या हिशेबाने.

आम्ही पशुवैद्यक, जखमी पक्षी-प्राण्यांची शुश्रूषा करणारे कार्यकर्ते आणि मूषक नियंत्रणाचं काम जाणणारी माणसं मिळून हे पत्र लिहीत आहोत. यात उंदरांची वकिली नाही. पावसाळ्यात लेप्टोचे (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचे) रुग्ण कसे वाढतात, मीटर रूममधली वायर कुरतडली की काय होतं आणि गाडीच्या बॉनेटखालचं वायरिंग बदलायला किती खर्च येतो, हे आम्हीही जाणतो. उंदीर आवरायलाच हवेत. आमचा आक्षेप आहे तो वर्षभर, उघड्यावर आणि कुणी हिशेब न ठेवता पेरल्या जाणाऱ्या विषाला. त्याने उंदीर संपत नाहीत, उंदीर खाणारे संपतात.

आधी, आपल्या आवारात नेमकं काय ठेवलं जातं ते पाहू. लाल, निळ्या किंवा हिरव्या मेणचट वड्या, ज्यांना सगळे ‘केक’ म्हणतात, त्या बहुधा ब्रोमॅडिओलोनच्या असतात. प्रमाण ०.००५ टक्के, म्हणजे एका ग्रॅममध्ये ०.०५ मिलिग्रॅम विष. याच विषाचा ०.२५ टक्क्यांचा दाट प्रकारही मिळतो. तो धान्यात कालवून वापरायचा असतो : २० ग्रॅम विष, २० ग्रॅम खाद्यतेल आणि ९६० ग्रॅम भरडलेला गहू किंवा तांदूळ. दुसरी असते झिंक फॉस्फाइडची राखाडी-काळी पूड, तिला लसणासारखा उग्र वास येतो. ही बहुतेक वेळा कणकेच्या गोळ्यात भरून भिंतीकडेला ठेवली जाते. तिसरा प्रकार ट्यूबमधल्या पिवळ्या फॉस्फरसच्या मलमाचा, जो लोक टोमॅटोच्या फोडीला किंवा पावाला लावतात. त्याच्यावर उतारा नाही. पोटात गेला तर यकृत निकामी होतं, माणसाचंही. तो आवारात आणूच नये, यापलीकडे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

ब्रोमॅडिओलोनबद्दल मात्र सविस्तर लिहावं लागेल, कारण ‘हे सेफ आहे, साहेब’ असं सांगून सर्वांत जास्त खपवलं जातं ते हेच.

हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांना रक्त पातळ करणारी गोळी देतात. आपल्या इमारतीतले एखादे आजोबाही ती घेत असतील आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायला नियमित जात असतील. त्या गोळ्यांपैकी वॉर्फरिन हे १९४८च्या सुमारास उंदीर मारण्यासाठीच बाजारात आलं होतं. ब्रोमॅडिओलोन त्याच कुळातलं, पण पुढच्या पिढीचं. वॉर्फरिन पचवणारे उंदीर १९५८मध्ये स्कॉटलंडमध्ये आढळले, पुढे इतरत्रही, आणि मग सत्तरच्या दशकात ही जास्त जहाल पिढी आली. काम तेच : यकृतात के जीवनसत्त्व पुन्हा वापरात आणणारं विकर (एन्झाइम) बंद पाडायचं. ते बंद पडलं की रक्त गोठवणारे चार घटक निकामी अवस्थेतच तयार होतात. आधी तयार झालेले घटक रक्तात असतात तोवर प्राणी ठणठणीत दिसतो. ते संपले की उडी मारताना बसलेला साधा मुका मारही आतून वाहत राहतो.

या ‘आधी तयार झालेल्या’ घटकांमुळेच सगळा घोटाळा होतो. साधारण २५० ग्रॅमच्या उंदराला मरायला सरासरी ०.२८ मिलिग्रॅम ब्रोमॅडिओलोन पुरतं, म्हणजे जेमतेम सहा ग्रॅम वडी. तेवढी तो पहिल्याच रात्री खातो. पण मरतो चौथ्या-पाचव्या दिवशी, कधी आठवड्यानेही. तोवर त्याला काही जाणवत नाही, त्यामुळे तो रोज जेवायला येतो. रोज २० ग्रॅम खाल्लं तर तीन रात्रींत पोटात तीन मिलिग्रॅम गेलं, लागणाऱ्या मात्रेच्या दसपट. त्यातलं काही विष्ठेतून बाहेर पडतं, पण बरंचसं यकृतात साचतं आणि तिथे आठवडेच नव्हे, महिनेही टिकतं. शेवटच्या एक-दोन दिवसांत हा उंदीर मंदावतो. रात्रीचा प्राणी भर दिवसा उघड्यावर येतो, भिंत सोडून मध्येच थबकतो, पळताना अडखळतो. शिकारी प्राण्याला याहून सोपं भक्ष्य कुठलं? आवारातल्या शंभर उंदरांतून घार, घुबड किंवा मांजर नेमका तोच उचलते, ज्याच्या अंगात विष काठोकाठ भरलेलं आहे.

उंदीर ‘औषध खाऊन तहानतो आणि बाहेर जाऊन मरतो’ ही समजूत तर इतकी पक्की आहे की समितीच्या बैठकीत ती पुरावा म्हणून मांडली जाते. या विषाने तहान लागून उंदीर घराबाहेर जातो, याला आधार नाही. अशक्त झालेला उंदीर उघड्यावर दिसला तरी बहुतेकदा आपल्या बिळात, फॉल्स सीलिंगवर, डक्टमध्ये, बाथरूमच्या लॉफ्टमागेच मरतो. ‘मेल्यावर वाळून जातो, वास येत नाही’ हेही तितकंच खोटं. तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदाला विचारून पाहा. शिवाय मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा थंड होत चाललेलं शरीर सोडून दुसरा यजमान शोधतात. १९९४च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची साथ आली होती, ती पिसवांमार्फतच पसरते. आज लगेच प्लेग येईल असं आम्ही म्हणत नाही. पण डक्टमध्ये कुजणारा उंदीर म्हणजे नुसती दुर्गंधी नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

शहरातले उंदीरखाऊ कोण, असा प्रश्न पडला असेल तर एखाद्या रात्री गच्चीवर उभे राहा. एसीच्या पत्र्यावर किंवा बंद डक्टच्या कट्ट्यावर राहणारं गव्हाणी घुबड मुंबई-पुण्याच्या दाट वस्तीतही असतं. त्याचं जवळपास सगळं अन्न म्हणजे उंदीर, घुशींची पिल्लं आणि चिचुंद्र्या. पिल्लं असली की जोडी एका रात्रीत कित्येक उंदीर आणते. झाडाच्या ढोलीतला पिंगळा, घिरट्या घालणारी घार, शिक्रा, धामण, मुंगूस, आंब्याच्या झाडावरून केबलवर चालत जाणारं उदमांजर, हे सगळे त्याच ताटात जेवतात. मुंबईचं आरे, ठाण्याचं येऊर, पुण्याची वेताळ टेकडी अशा हिरव्या ठिकाणांना लागून असलेल्या सोसायट्यांत तर ही यादी आणखी लांबते. साप हे विष बऱ्यापैकी सोसतात, पण अंगात वागवतात, आणि सापाला खाणाऱ्या मुंगसाकडे ते पोचतं. झुरळं, मुंग्या, गोगलगायी वडी कुरतडतात. त्यांचं रक्त आपल्यासारखं गोठत नसल्याने त्यांना काही होत नाही, मात्र त्यांना खाणाऱ्याच्या पोटात विष जातं. चिचुंद्रीचं हे असंच होतं. जाता जाता : चिचुंद्री हा उंदीर नव्हेच. ती तुमची झुरळं खाते आणि तिला मारण्याचे पैसे आपण कंत्राटदाराला देतो.

विषबाधा झालेलं घुबड कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे ओळखता येईल. ते दिवसा जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात बसलेलं असतं. पंख किंचित खाली लोंबलेले, डोळे अर्धे मिटलेले, जवळ गेलं तरी चोच आपटून धाक दाखवत नाही. बाहेरून जखम नसते. चोच उघडून पाहिली तर आतला गुलाबी रंग उडून कागदासारखा पांढरट झालेला असतो. नवं फुटणारं एखादं पीस तुटलं तर तिथून रक्त ठिबकत राहतं, पाच मिनिटांत थांबायला हवं ते अर्ध्या तासानेही थांबत नाही. पुष्कळदा पक्षी काचेवर आपटून किंवा गाडीखाली येऊन मरतो आणि नोंद ‘अपघात’ अशी होते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेलं फ्लाको नावाचं घुबड फेब्रुवारी २०२४मध्ये एका इमारतीखाली पडून मेलं. शवविच्छेदनात त्याच्या शरीरात चार प्रकारची रक्त न गोठू देणारी उंदीरविषं सापडली, जोडीला कबुतरांमार्फत आलेला विषाणूसंसर्ग. तपासलं म्हणून कळलं. आपल्याकडे अशा पक्ष्याचं यकृत प्रयोगशाळेत क्वचितच जातं, म्हणून आपला आकडा शून्य दिसतो. गिधाडांच्या बाबतीत हेच झालं होतं. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने ती मरत आहेत हे कळून २००६मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी येईपर्यंत आकाश रिकामं झालं होतं.

आता कुत्र्यांचा हिशेब, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. कुत्र्याला मारायला दर किलो वजनामागे साधारण १० मिलिग्रॅमच्या आसपास ब्रोमॅडिओलोन लागतं. दहा किलोच्या कुत्र्याला १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन किलो वड्या. तेव्हा एक वडी चघळलेला लॅब्राडोर दुसऱ्या दिवशी मरून पडत नाही, आणि कंत्राटदार याच हिशेबावर ‘सेफ’ म्हणतो. पण मरण्याच्या मात्रेच्या कितीतरी खाली रक्तस्राव सुरू होऊ शकतो. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर ते साचत जातं, आणि आवारातला भटका कुत्रा किंवा मांजर विष खाल्लेले उंदीर महिनोन्‌महिने खात असतं. आणि तो ०.२५ टक्क्यांचा दाट प्रकार वडीच्या पन्नासपट जहाल आहे. त्याचे ४० ग्रॅम म्हणजेच ते १०० मिलिग्रॅम. वजनकाटा न घेता ‘अंदाजाने’ कालवलेल्या धान्यात नेमकं किती पडलंय, हे कालवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

झिंक फॉस्फाइडची तऱ्हा वेगळी. ते यकृतात साचून राहत नाही, म्हणून घुबडाला त्याचा धोका तुलनेने कमी. पण जो प्राणी ते थेट खातो, त्याची सुटका अवघड. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन वायू निघतो, आणि त्याच्यावर उतारा नाही. कुत्र्याला दर किलोमागे २० ते ४० मिलिग्रॅम पुरतात. २ टक्क्यांच्या आमिषात हिशेब केला तर दहा किलोच्या कुत्र्याला दहा ते वीस ग्रॅम, लिंबाएवढा कणकेचा गोळा. पंधरा मिनिटांपासून चार तासांत लक्षणं दिसतात : उलट्या, पोटफुगी, धाप, झटके. कणकेचा तेलकट गोळा उंदरापेक्षा कुत्र्यालाच आधी आवडतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. धान्यात कालवलं असेल तर कबुतरं आणि चिमण्या. गंमत म्हणजे उंदीरच याला फसत नाहीत. थोडं चाखलं, पोट दुखलं, की तो उंदीर पुन्हा त्या चवीला तोंड लावत नाही. म्हणूनच दोन-तीन दिवस आधी बिनविषारी आमिष ठेवून सवय लावावी, असा शास्त्रीय नियम आहे. महिन्यातून एकदा वीस मिनिटांसाठी येणारा माणूस तो पाळू शकणार नाही, हे उघड आहे.

काही इमारतींत बिळांमध्ये ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकल्या जातात, त्यांना हात लावू देऊ नका. तीन ग्रॅमची एक गोळी सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन सोडते. वायू बिळातून पायाच्या भेगांत आणि तिथून तळमजल्याच्या खोलीत शिरतो. राहत्या घराजवळ हे वापरायचंच नसतं आणि सामान्य ग्राहकाला विकायचंही नसतं.

विष उघड्यावर कसं पोचतं, तेही पाहू. वडी बागेच्या वाफ्यात, कुंडीमागे, जिन्याखाली सुटी टाकलेली असते. पावसाच्या पाण्याबरोबर ती उतारावरून वाहत मुलांच्या खेळण्याच्या जागेपाशी येते. उंदीर स्वतः तिचा तुकडा तोंडात धरून बिळाकडे नेताना वाटेत टाकतो. आणि सगळ्यात हमखास वाट म्हणजे गाड्या. वायरिंग कुरतडू नये म्हणून सभासद बॉनेटखाली वडी ठेवतात, इंजिन तापलं की मेण मऊ पडतं, पहिल्या गतिरोधकावर वडी खाली पडते आणि ती कुणाच्या तोंडी लागेल याला धरबंध नाही. समितीच्या करारात ही वडी नसते, पण समितीच्या आवारातच पडते. बॉनेटमध्ये विष ठेवायला मनाई करणारा एक ठराव पुरे. त्याऐवजी गाडी दोन-तीन दिवसांतून एकदा तरी हलवावी, पार्किंगमध्ये दिवा असावा, गाडीत खाण्याचे तुकडे राहू देऊ नयेत. अल्ट्रासोनिक यंत्रांवर पैसे घालवू नका. उंदीर काही दिवसांत त्या आवाजाला सरावतात.

मग करायचं काय?

उंदीर तीन गोष्टींसाठी येतो : अन्न, पाणी आणि आडोसा. मादी २१ ते २३ दिवसांत वितते आणि एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज देते. गव्हाणी घुबड सहसा वर्षातून एकदाच अंडी घालतं, घार तर एका वेळी दोन-तीनच अंडी. म्हणजे विषाने दोन्ही बाजू सारख्याच मारल्या तरी उंदीर दोन महिन्यांत भरून निघतात, घुबड निघत नाही. म्हणून पैसा आधी भिंतीत आणि कचऱ्यात घाला.

ओला कचरा रात्री खाली ठेवण्याची पद्धत बंद करा. उंदरांचं मुख्य जेवण रात्रीचं असतं आणि महापालिकेची गाडी सकाळी येते, त्यामुळे रात्री दहा ते सकाळी सात अशी नऊ तासांची पंगत आपणच वाढतो. कचरा सकाळीच उचलावा. तेवढं शक्य नसेल तर घट्ट झाकणाचे, बुडाला भोक नसलेले ड्रम सिमेंटच्या ओट्यावर ठेवावेत. प्लास्टिकचं झाकण कडेने कुरतडलेलं दिसलं की ड्रम बदलावा. कबुतरांचे दाणे बंद. भटक्या मांजरांना-कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या सभासदांशी भांडू नका, त्यांना वेळ आणि जागा ठरवून द्या, अर्ध्या तासाने उरलंसुरलं उचलायला सांगा. पंपरूममधला गळका व्हॉल्व्ह दुरुस्त करा.

फटींबाबत एकच माप लक्षात ठेवा : पेन्सिल जाते तिथून घरातला लहान उंदीर जातो, आणि अंगठा जातो तिथून मोठा. त्यामुळे जाळी ६ मिलिमीटर भोकांची, जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेची हवी. प्लास्टिकची डासांची जाळी उंदीर एका रात्रीत फाडतो. पाइप भिंतीत शिरतो तिथली फट नुसत्या फोमने भरू नका, तोही कुरतडला जातो. आधी तारेचा घोस किंवा जाळी कोंबा, वरून सिमेंट. जुने गवंडी सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालत, तीही युक्ती चालते. डक्टच्या दाराखाली पत्र्याची पट्टी, चेंबरची फुटलेली झाकणं बदललेली, वापरात नसलेल्या ड्रेनेज पाइपच्या तोंडाला टोपी, उभ्या पाइपवर उलट्या नरसाळ्यासारखा पत्रा. झाडाची फांदी गच्चीपासून किमान एक मीटर लांब छाटा. काळा उंदीर फांदीवरूनच येतो. घूस जमिनीतून येते, तिची बिळं मुठीएवढी असतात आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो. बीळ वापरात आहे का हे कळायला संध्याकाळी ते वर्तमानपत्राच्या बोळ्याने बंद करा. सकाळी बोळा बाहेर आलेला दिसला तरच तिथे कुणी राहतंय. हे न बघता दिसेल त्या बिळात विष ओतणं हा निव्वळ पैशाचा नास आहे.

नंतर सापळे. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक रात्रपाळीत टॉर्च आणि काठी घेऊन उंदीर मारतात, म्हणजे विषाशिवाय काम होतच नाही असं नाही. चापाचा सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून लावावा, कारण उंदीर भिंतीला मिशा लावून चालतो. मोठ्या उंदरांसाठी दर पाच-सहा मीटरवर, लहान उंदरांसाठी दोन-तीन मीटरवर एक. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या तीन रात्री चाप न ओढता नुसतं आमिष ठेवा : सुका बोंबील, भजी, शेंगदाण्याचं कूट. चौथ्या रात्री सगळे एकदम ओढा. दोन सापळे महिनाभर ठेवण्यापेक्षा वीस सापळे तीन रात्री ठेवलेले बरे. सापळा पेटीत किंवा पाइपच्या तुकड्यात ठेवला की मांजराचा पंजा वाचतो. चिकट पुठ्ठे मात्र नकोत. त्यांवर पाली, चिमण्या आणि सापसुद्धा चिकटतात आणि तासन्‌तास तडफडतात, प्राणी कल्याण मंडळानेही त्यांच्याविरुद्ध सूचना काढलेल्या आहेत. आणि पिंजऱ्यात सापडलेला उंदीर शेजारच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे सोडणं हे नियंत्रण नव्हे, ती भेट आहे, तिची परतफेडही होते.

एवढं करून प्रादुर्भाव आटोक्यात येत नसेल तर विष वापरावं लागेल. आमच्यातही याबद्दल दोन मतं आहेत, काहींना ते अजिबात नको आहे. पण वापरायचं ठरलं तर करारात पुढच्या गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको.

कंत्राटदाराकडे कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि १९७१च्या नियमांखालचा व्यावसायिक परवाना असावा. त्याची प्रत फाइलला लावा आणि मुदत तपासा. विष फक्त कुलूपबंद, जमिनीला किंवा भिंतीला पक्क्या केलेल्या पेटीत, आणि पेटीत वडी सळईत ओवलेली, म्हणजे उंदराला ती ओढून नेता येणार नाही. पेटी हातात घेऊन हलवली तर आत खडखड वाजता कामा नये. प्रत्येक पेटीवर क्रमांक, विषाचं नाव, प्रमाण आणि ठेवल्याची तारीख. नकाशा समितीकडे. दर आठवड्याला भेट आणि प्रत्येक पेटीतून किती ग्रॅम खाल्लं गेलं याची नोंद. ही नोंदच सांगते की उंदीर कुठे आहेत आणि कमी होत आहेत की नाहीत. लागोपाठ दोन भेटींत काही खाल्लं गेलं नाही की सगळं विष उचलून मोजून परत. ब्रिटनमध्ये अशी मोहीम साधारण ३५ दिवसांत संपावी अशी अपेक्षा असते. तेवढ्यात संपली नाही तर कुठेतरी अन्न किंवा फट राहिलेली आहे, आणखी विष हा त्यावरचा इलाज नव्हे. ‘बारा महिने, दरमहा एक फेरी, विष कायम’ हा आपल्याकडचा रूढ करार म्हणूनच मुळात चुकीचा आहे.

आणि मेलेले उंदीर. हे कलम सगळ्याच करारांतून गायब असतं. विष ठेवल्याच्या तिसऱ्या दिवसापासून किमान दोन आठवडे रोज पहाटे, उजाडता उजाडता, म्हणजे कावळे-घारी उतरण्याआधी, सगळ्या आवाराची फेरी व्हायला हवी. हातमोजे, दुहेरी पिशवी, आणि मेलेला उंदीर उघड्या कचऱ्यात न टाकता खोल खड्ड्यात पुरायचा किंवा महापालिकेच्या व्यवस्थेकडे द्यायचा. ही फेरी कोण मारणार, कंत्राटदाराचा माणूस की आपला हाऊसकीपिंगवाला, आणि त्याला हातमोजे कोण देणार, हे नावानिशी लिहा. घुबडाचं किंवा शिक्र्याचं घरटं दिसलेलं असेल तर त्या भागात विष नकोच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ने या पक्ष्यांना संरक्षण दिलेलं आहे. भटक्या कुत्र्यांसाठी मुद्दाम विष टाकणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५खाली गुन्हा आहे, आणि ‘उंदरांसाठी ठेवलं होतं’ ही सबब सुट्या कणकेच्या गोळ्यांना शोभत नाही.

शेवटी, चूक झालीच तर काय करायचं ते. हे वॉचमनच्या केबिनमध्ये लावा.

प्राण्याने विष खाल्लेलं दिसलं किंवा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नये. वेष्टनाचा फोटो काढून त्याच तासात पशुवैद्याकडे जावं. कोणतं विष, हे कळल्याशिवाय डॉक्टरचे हात बांधलेले असतात. वडीच्या विषात खाल्ल्यापासून दोन-चार तासांच्या आत उलटी करवणं उपयोगी ठरतं, पण ती डॉक्टरने करवायची. मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळीच विषबाधा होते. झिंक फॉस्फाइडचा संशय असेल तर दूध, भात, काहीही देऊ नका. अन्नाने पोटातलं आम्ल वाढतं आणि वायूही. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा. कुत्र्याने गाडीत उलटी केली तर तो वायू तुमच्याही नाकात जातो.

वडीचं विष खाऊन दिवस उलटले असतील तर ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबीऐवजी पांढरट, जोडीला सुस्ती, खोकला, धाप, लंगडणं, काळी विष्ठा किंवा नाकातून रक्त यातलं काहीही असेल तर उशीर झालेला आहे, लगेच निघा. ब्रोमॅडिओलोनवर उतारा आहे : के-१ जीवनसत्त्व. डॉक्टर ते दर किलो वजनामागे दिवसाला २.५ ते ५ मिलिग्रॅम, तुपा-तेलाच्या खाण्यासोबत, तीन ते चार आठवडे देतात. इथे दोन ठिकाणी घात होतो. एक, औषधाच्या दुकानात के-३ सहज मिळतं आणि नाव सारखंच वाटतं, पण ते या विषावर चालत नाही. दोन, चौथ्या दिवशी कुत्रा शेपटी हलवू लागला की मालक गोळ्या थांबवतो. यकृतातलं विष तेव्हाही तिथेच असतं. शेवटची गोळी दिल्यावर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची चाचणी करून ती बरोबर आली, तरच उपचार संपले.

घुबड, घार किंवा कुठलाही वन्यप्राणी वर सांगितलेल्या अवस्थेत आढळला तर जाड कापड टाकून उचलावं, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवावं, खोकं अंधाऱ्या शांत जागी. चोचीत पाणी ओतू नये, काही भरवू नये, सेल्फीसाठी बाहेर काढू नये. अंगात विष असलेल्या पक्ष्याला नुसत्या धडपडीनेही आतून रक्तस्राव होतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं आणि आवारात कोणतं विष कधी ठेवलं होतं तेही सांगावं, त्याने निदानात जाणारा वेळ वाचतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. पेस्ट कंट्रोलचा करार तिथे बहुधा खर्चाच्या एका ओळीत मंजूर होतो. यंदा त्या ओळीसोबत गेल्या वर्षीच्या विषाचा हिशेब मागा : किती किलो आणलं, किती पेट्यांत ठेवलं, किती परत गेलं, मेलेले उंदीर किती उचलले. चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये सापडलं नाही, तर नूतनीकरणावर सही करण्याआधी कंत्राटदाराला सभेला बोलवा.

कळावे,

आपले,
पशुवैद्यक, वन्यजीव शुश्रूषा करणारे कार्यकर्ते आणि मूषक नियंत्रण क्षेत्रातील काही जण